चितेगावचे चार मुर्दे

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस "तुम्ही काय करता?" असं विचारतो, तेव्हा मी "दुरुस्ती" एवढंच सांगून मोकळी होते. "मिक्सर का?" असं तो पुढे विचारतो आणि मी मान डोलावते. खरं उत्तर द्यायला बसलं तर जिलबी गार होते. वाळूज, चिकलठाणा, चितेगाव, जिथे जिथे कारखान्यात विजेचं मोठं मशीन बंद पडतं तिथे जायचं, त्याचं पोट उघडायचं, आतलं मेलेलं काढायचं आणि जिवंत बसवायचं, हा माझा धंदा. उमेदीची सगळी वर्षं त्यात घालवली. आता निवृत्त झाले असं मी म्हणते, पण फोन करणाऱ्यांना ते मान्य नाही.

आयटीआयला आमच्या तुकडीत आम्ही दोनच मुली होतो. दुसरीने लग्न करून शहाणपणा दाखवला. मी भीमनगरातल्या घरी कढई तापवावी तशी सोल्डरिंगची इस्त्री तापवत बसायचे आणि आई शेजारणींना सांगायची, "तिला जाळपोळीचाच नाद आहे." आईचं फार चुकत नव्हतं. या धंद्यात निम्मं निदान नाकानेच होतं. जळलेल्या वार्निशचा वास वेगळा, फुटलेल्या कपॅसिटरचा वेगळा, आणि मालक खोटं बोलत असला की येणारा वास आणखी वेगळा.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडक्यात सांगते. वीज कधी जाऊ द्यायची आणि कधी अडवायची हे ठरवणारे छोटे तुकडे प्रत्येक मशीनमध्ये असतात. बोटाच्या दोन पेरांएवढा काळा चौकोन, त्याला तीन पाय. आम्ही त्याला पार्ट म्हणतो. हा पार्ट कशाचा बनवायचा, यावर जगातले हुशार लोक भांडतात आणि ते जे ठरवतील ते आमच्या टेबलावर मरायला येतं. वडिलांच्या रेडिओत जर्मेनियम होतं. ते उन्हाळ्यात दुपारी गायचं बंद व्हायचं आणि संध्याकाळी पुन्हा गळा काढायचं. मी कामाला लागले तेव्हा मुलामा देणाऱ्या जुन्या कारखान्यांत सेलेनियमच्या पत्र्यांची यंत्रं अजून तग धरून होती. सेलेनियम जळलं की सडलेल्या मुळ्याचा असा भपका सुटतो की माणूस आधी स्वतःच्या डब्याकडे संशयाने बघतो. असल्या एका कारखान्याचे म्हातारे मालक ते यंत्र काढू द्यायला तयार नव्हते. "वास येतो म्हणजे चालू आहे हे कळतं," असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मी नाकाला रुमाल बांधणं पत्करलं.

मग सगळीकडे सिलिकॉन आलं आणि आमची पिढी त्याच्यावरच जगली. सिलिकॉनचा स्वभाव आम्हाला नवऱ्याच्या स्वभावासारखा पाठ झाला. कधी तापणार, कधी रुसणार, कशाने उडणार, सगळं डोळे मिटून सांगता यायचं. आणि ऐन निवृत्तीच्या तोंडावर बातमी आली की सिलिकॉन आता म्हातारं झालं. मोबाइलच्या इवल्याशा चार्जरमध्ये गॅलियम नायट्राइड, विजेच्या गाड्यांत आणि नव्या भट्ट्यांत सिलिकॉन कार्बाइड. हे दुसरं नाव ऐकून मला हसू आलं. सिलिकॉन कार्बाइड मी लहानपणापासून ओळखत होते. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याच्या सायकलवरचं जे चाक, ते त्याचंच. शहागंजात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात धारेचा दगड म्हणून ते मिळतं. तेच आता स्फटिकासारखं शुद्ध करून, कापून, पाय लावून सोन्याच्या तोऱ्यात येणार होतं. त्याला विजेचा जास्त दाब सोसतो, जास्त ताप सोसतो आणि वीज चालू-बंद करण्यात ते फार चपळ असतं. दोषही असणारच, पण ते माहितीपत्रकात छापायची पद्धत नाही.

सुधीररावांचा कारखाना चितेगावला, पैठण रस्त्यापासून थोडा आत. गाड्यांचे लोखंडी दांडे लालबुंद तापवून एकदम थंड करायचे, म्हणजे वरचा थर कडक होतो, हे त्यांचं काम. तापवायला आग नाही. तांब्याच्या वेटोळ्यातून वीज अशी काही वेगात फिरवतात की मध्ये धरलेला दांडा आपोआप तापतो. हौसेने त्यांनी सिलिकॉन कार्बाइडवाली भट्टी घेतली होती आणि पेढे वाटले होते. माणूस दिलदार, पण मालक असून त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर असतो. असे मालक माझ्या धंद्याला बरकत देतात. त्यांनी हात लावलेलं प्रत्येक मशीन शेवटी माझ्याकडेच येतं.

फोन आला तो सकाळीच. "ताई, भट्टी गेली. अंकुशनं जाळली."

"कशी जाळली?"

"पाणी न बघता फुल पॉवर दिली असणार. मोठा आवाज झाला. त्याला त्याच क्षणी गेटबाहेर काढलं मी."

अंकुशला मी ओळखत होते. कन्नडकडचा, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातला तिशीतला माणूस, दोन मुलांचा बाप. ठेकेदाराकडून आला आणि त्या भट्टीवर रमला. चार दिवसांनी मी चितेगावला उतरले तर कारखान्याच्या आधीच्या चहाच्या टपरीवर तो उभा होता. अंगावर सिमेंटची धूळ. शेजारच्या गोदामात पोती उतरवायचं काम धरलं होतं.

"मावशी, म्या पाणी बघितलं व्हतं," तो म्हणाला. "पाण्याबिगर मी भट्टीला हात लावत नाय. तुमाला ठावं हाय."

"मला माहीत आहे. पण मी अजून मशीन पाहिलं नाही."

"पघा. पर एक सांगतो. काम गेलं त्याचं एवढं नाय. ह्या रस्त्यानं सगळे ठेकेदार एकमेकाला वळखत्यात. 'भट्टी जाळणारा' म्हून नाव झालंय माझं. कोन मशिनीवर उभं करंना. जलमभर पोतीच उचलू का?"

"मग तुला काय हवं? परत कामावर घ्यायला सांगू?"

"मालकानं चार लोकांत सांगावं, अंकुशनं नाय जाळली. बास."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. राग अशासाठी की आता मला नुसतं मशीन दुरुस्त करून चालणार नव्हतं.

भट्टी उघडली. आत चार पार्ट असतात, त्यातले दोन फुटून काळे झाले होते, उरलेल्या दोघांपैकी एकाला तडा होता. पाण्याची नळी, पंप, टाकी बघितली. पाणी व्यवस्थित वाहत होतं. मात्र पाण्यावर नजर ठेवणारी जी छोटी चकती असते, तिच्यावर आपल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा थर चढून ती जवळजवळ चिकटली होती. चकती अडकली की पाणी असूनही पाणी नाही असं समजून मशीन चालूच होत नाही. म्हणजे ती मशीन बंद ठेवते, जाळत नाही. मी सुधीररावांना विचारलं, "उडायच्या आधी ही भट्टी बंद पडली होती का?"

"हो तर. आदल्या आठवड्यात चालूच होईना. मीच दुरुस्त केली."

हे ते मोठ्या थाटात बोलले.

"काय केलंत?"

त्यांनी टेबलाच्या खणातून फरसाणाचा प्लास्टिकचा डबा काढला. आत चार काळे पार्ट, अजून चकचकीत. "हे चारही मेले होते. मीटर लावून बघितलं. एकातूनही रीडिंग नाही. मग नवे मागवले ऑनलाइन, बसवले. पाण्याची ती चकतीही जरा हलवली. भट्टी चालू. रिकामी चालवून बघितली, एकदम ओके. दुसऱ्या दिवशी या पठ्ठ्याने दांडे लावले आणि उडवली."

मी माझा मीटर लावला. सुधीरराव खरं बोलत होते. चारही पार्ट, कसेही धरा, मीटर म्हणे आत काहीच नाही. आमच्या भाषेत ओपन. मग न वापरलेले दोन नवे पार्ट त्यांनी कपाटातून आणले. त्यांना मीटर लावला तर अर्ध्या व्होल्टचं गोड रीडिंग. तंदुरुस्त पार्ट असंच बोलतो हे मी हजारो वेळा बघितलेलं. सगळं सुधीररावांच्या बाजूने होतं. अंकुशसाठी मला काही सापडेना.

एकच गोष्ट डोक्यात टोचत राहिली. असले पार्ट मरतात ते बहुतेक वेळा आतून वितळून मरतात, आणि मीटर त्यांना शॉर्ट, म्हणजे वीज दोन्हीकडून आरपार, दाखवतो. ओपन मरणारा एखादाच. इथे चारही एकाच वेळी, एकाच पद्धतीने, अंगावर ओरखडाही न घेता मेले होते. इतकं शिस्तीत कोणी मरत नाही. फरसाणाचा डबा मी पिशवीत घातला आणि शहागंजात सलीमभाईंकडे गेले.

सलीमभाईंचं दुकान म्हणजे इलेक्ट्रॉनिक भंगाराचा दर्गा. जुने इन्व्हर्टर, वेल्डिंग मशीन, हल्ली विजेच्या गाड्यांचे चार्जर, सगळं तिथे येऊन विसावतं. वरच्या मजल्यावर त्यांची कबुतरं. आमची ओळख जुनी, आणि मी गेले की ते चहाच्या आधी तक्रार सांगतात.

"क्या बाई, ये नया माल तो बिल्कुल नकली आ रा," ते म्हणाले आणि एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे सरकवला. त्यात तसेच तीन पायांचे काळे पार्ट भरलेले. "गाडियों के चार्जर में से निकाला. पूरे के पूरे मुर्दे. मीटर हिलताच नै."

"सगळे ओपन?"

"हौ. एक भी जिंदा नै. वाळूजवाले, चिकलठाणेवाले, सब मिस्त्री लोग यही बोलते. मेरे पास फेंक के जाते."

मी एकेक उचलून मीटर लावला. ओपन, ओपन, ओपन. मग वरचा छापील नंबर बघितला. पुष्कळांचा नंबर सुधीररावांच्या भट्टीतल्या पार्टसारखाच सुरू होत होता. एवढ्या सगळ्या जागी, वेगवेगळ्या मशिनींत, सगळे एकाच रोगाने गेले असं मानायचं, नाहीतर आमच्या वैद्यातच खोट आहे असं मानायचं. वैद्य म्हणजे मीटर. त्याच्यावर संशय घेणं मला देवावर संशय घेण्यापेक्षा जड गेलं, कारण देवाशी माझं फारसं काही देणंघेणं नाही.

दोनतीन पार्ट मागून घेतले. सलीमभाई म्हणाले, "लेके जाओ, कफन भी दूं क्या?"

घरी आल्यावर भट्टीच्या कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला फोन लावला. गायत्री नावाची इंजिनिअर मुलगी बोलली. आवाजावरून माझ्या भाचीपेक्षा लहान. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकू, तुमचा मीटर साधा हातातलाच आहे ना?"

काकू म्हटल्याचा राग गिळून मी हो म्हटलं.

"मग त्याला तो पार्ट दिसणारच नाही. तुमचा मीटर तपासताना थोडासाच जोर लावतो. सिलिकॉनचं दार अर्ध्या व्होल्टला उघडतं, ते त्याला जमतं. सिलिकॉन कार्बाइडचं दार जड आहे. ते उघडायला दोन-अडीच व्होल्ट लागतात. मीटरचा जोर तिथपर्यंत पोचत नाही, म्हणून तो सांगतो की दारच नाही. नऊ व्होल्टची बॅटरी लावून बघा."

"आणि ज्याचं रीडिंग अर्धा व्होल्ट येतं तो?"

"तो सिलिकॉन कार्बाइड नसणार, काकू."

मी फोन ठेवला. मग धुराच्या गजराच्या यंत्रातली चौकोनी बॅटरी काढली. एक रोधक, एक छोटा लाल दिवा आणि मध्ये तो पार्ट, एवढंच जोडायचं. सुधीररावांचा पहिला मुर्दा लावला. दिवा लागला. पार्ट उलटा फिरवला, दिवा विझला. वीज एका बाजूने जाऊ देतो, दुसऱ्या बाजूने अडवतो, म्हणजे धडधाकट. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे लागले. सलीमभाईंकडचेही लागले. अख्ख्या जिल्ह्यातले मिस्त्री जिवंत माणसांना स्मशानात पोचवत होते आणि ज्याचा श्वास ओळखीचा वाटतो त्याला घरात घेत होते. मी एकटीच हसले. मग अंकुश आठवला आणि हसणं थांबलं.

आता सगळी गोष्ट सरळ दिसत होती. पाण्याची चकती क्षाराने अडकली म्हणून भट्टी बंद पडली. पार्ट ठणठणीत होते. सुधीररावांनी ते मेलेले ठरवून काढले आणि वर सिलिकॉन कार्बाइडचं नाव छापलेले, आतून साधं सिलिकॉन असलेले नकली पार्ट बसवले. तेव्हाच त्यांनी चकती हलवली आणि मशीन त्या हलवण्याने चालू झालं. रिकाम्या भट्टीला ताप नव्हता, म्हणून नकली तग धरून राहिले. खरं वजन पडलं तेव्हा त्यांना तो वेग सोसला नाही आणि ते फुटले. त्या वेळी भट्टीपुढे जो उभा होता, त्याच्या डोक्यावर खापर.

सुधीररावांना हे पटवणं म्हणजे वेगळीच कामगिरी होती. मी चितेगावला जाऊन दिवा लावून दाखवला. ते म्हणाले, "तुमच्या बॅटरीवर मी कसा विश्वास ठेवू? माझा मीटर जपानी आहे."

"मग डोळ्यांनी बघा."

गॅसच्या बत्तीवर मी सलीमभाईंकडचा, भट्टीतल्या जुन्या पार्टसारख्याच नंबरचा एक पार्ट आणि सुधीररावांचा एक नवा पार्ट तापवले, वरचं काळं कवच ठिसूळ झाल्यावर हातोडीने फोडलं आणि दोन्हींच्या आतला कपचा चिमट्याने काढला. नखाच्या टोकाएवढे दोन कण. सुधीररावांच्या टेबलावर अजिंठ्याच्या पायथ्याला फेरीवाले विकतात तसला पांढऱ्या गारगोटीचा स्फटिक होता. परदेशी पाहुण्यांनी घेतला आणि वजन जास्त होतं म्हणून यांना भेट देऊन गेले. सुधीरराव त्यावर कागद ठेवतात आणि आलेल्या प्रत्येकाला तो दाखवतात. मी तो पुढे ओढला.

"अहो ताई, तो गिफ्ट आहे."

"धारेचा दगड कधी बघितलाय ना? त्याच जातीचा पार्ट असेल तर गारगोटीवर ओरखडा काढेल. साध्या सिलिकॉनला ते जमणार नाही." आणि त्यांच्या नव्या पार्टचा कण मी स्फटिकाच्या गुळगुळीत अंगावर जोर लावून ओढला. करड्या भुकटीची रेघ उमटली, बोटाने पुसली तशी गेली. मग सलीमभाईंच्या मुर्द्याचा कण ओढला. करकर आवाज झाला आणि बारीक, स्वच्छ ओरखडा पडला. सुधीररावांनी तो आधी बोटाने पुसला, मग रुमालाने, मग थुंकी लावून. तो जाईना.

माणूस मुळात वाईट नाही. त्यांचा चेहरा उतरला. स्फटिक हातात फिरवत ते म्हणाले, "म्हणजे मीच."

"तुम्हीच."

"अंकुशला उद्यापासून ये म्हणून सांगा. झालं गेलं सोडून द्या."

"त्याला नुसतं काम नको आहे. चार लोकांत तुम्ही सांगायला हवं की भट्टी त्याने जाळली नाही."

इथे गाडी अडली. चूक कबूल करणं वेगळं आणि कामगारांसमोर कबूल करणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. लोक उद्या डोक्यावर बसतील. मी म्हटलं, आजही ते पाठीमागे काय बोलतात ते तुम्हाला ऐकवलं तर तुम्ही स्वतःच खाली बसाल. ते रुसले. फरसाणाच्या डब्यातले चार मुर्दे मी भट्टीत परत बसवले, चकतीवरचा क्षार खरवडला, आणि भट्टी पहिल्या झटक्यात चालू झाली. माझं काम संपलं होतं. मी बिल ठेवून निघाले, पण मनातून मला बरं वाटत नव्हतं. माझ्या हातून मशीन बरं झालं होतं आणि माणूस तसाच पोती उचलत होता. टपरीवर अंकुशला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "तुमाला कळलं, मला कळलं. रस्त्याला कुटं कळलं?"

याचं उत्तर भट्टीने दिलं. अंकुशच्या जागी सुधीररावांनी दुसऱ्याला उभं केलं, मग तिसऱ्याला. दांड्याला लाली कुठवर चढू द्यायची आणि कधी ओढून घ्यायचा, हे हातात बसायला वेळ लागतो. कुणाचे दांडे मऊ निघायचे, कुणाचे तडकायचे. माल परत यायला लागला. शेवटी सुधीररावांचा फोन आला. आवाज एकदम साखरेत घोळलेला. "ताई, मी विचार केला. न्याय म्हणून काही गोष्ट असतेच ना."

"असते," मी म्हटलं. न्याय गिऱ्हाइकाच्या तक्रारीतून आला काय आणि आभाळातून पडला काय, मला चालणार होतं.

सकाळच्या चहाच्या सुट्टीत सगळे शेडबाहेर जमले. सुधीररावांनी मलाही बोलावलं होतं, बहुधा धीर यावा म्हणून. अंकुश आला तो धुतलेला शर्ट घालून. त्याच्याबरोबर करड्या शर्टातला एक पन्नाशीचा माणूस होता, चष्मा लावलेला. सुधीररावांना तो त्याचा मेहुणा वाटला असावा. त्यांनी त्यालाही चहा द्यायला लावला, वर दोन बिस्किटं.

मग ते उभे राहिले. आयुष्यात त्यांनी पूजेला नारळ फोडताना सोडून कधी भाषण केलं नव्हतं. "मित्रहो," त्यांनी सुरुवात केली आणि मागे कोणीतरी खोकलं. "आपली भट्टी मध्यंतरी उडाली. ती अंकुशने उडवली असं मी म्हणालो होतो. ते तसं नाही. तांत्रिक कारण होतं." मग माझ्याकडे बघितलं. मी ढिम्म. "म्हणजे, पार्ट चुकीचे होते." मी अजूनही ढिम्म. सुधीररावांनी कपाळ पुसलं. "म्हणजे ते चुकीचे पार्ट मी बसवले होते. चांगले काढून. अंकुशची त्यात काही चूक नव्हती. मशीन तो बरोबर चालवतो. माझ्यापेक्षा बरोबर."

शेवटचे दोन शब्द कोणी मागितले नव्हते. ते त्यांचे त्यांनी घातले आणि त्याबद्दल त्यांचे दहा गुन्हे मी मनातल्या मनात माफ करून टाकले. शेडमधल्या एकाने अंकुशच्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्याने त्याच्या ग्लासात पुन्हा चहा ओतला.

अंकुशने करड्या शर्टाकडे वळून विचारलं, "ऐकलं ना, साहेब?"

"ऐकलं," चष्मेवाला म्हणाला. त्याने बिस्किट संपवलं, हात झटकले. "सोमवारी सकाळच्या पाळीला ये. आयकार्ड गेटवर मिळेल."

सुधीरराव एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागले. "हे कोण?"

"पल्याडच्या कंपनीचे फोरमन हायेत," अंकुश म्हणाला. "त्यांच्याकडं बी अशीच भट्टी आलीया. घेतो म्हनत व्हते, पर आधी तुमच्या तोंडून ऐकू द्या म्हनले. म्हून घिऊन आलो."

माझ्या तोंडातला चहा बाहेर येता येता राहिला. सुधीररावांना लाली चढली, अगदी दांड्याला ओढून घ्यायच्या वेळी चढते तशी. पण धंदेवाईक माणूस, लगेच सावरले. त्यांनी अंकुशचा हात धरला, बाजूला घेतलं, तरी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "अरे, असं काय करतोस? भट्टी तुझीच आहे. पगार वाढवतो. ठेकेदार नको, कायम करतो. इथंच राहा."

अंकुशने हात सोडवून घेतला नाही. तो रागावलेलाही दिसत नव्हता. शेडच्या आत भट्टी उभी होती, तिच्याकडे त्याने एकदा प्रेमाने बघितलं.

"नगं मालक. मशीन हाय ते," तो म्हणाला. "आज ना उद्या पुन्यांदा बिघडंल. तवा बी जवळ मीच उभा आसंन."

सुधीररावांनी माझ्याकडे बघितलं. मशीन पुन्हा बिघडणार नाही, एवढं तरी ताईंनी सांगावं, अशी त्यांची अपेक्षा असावी. या धंद्यात केस पांढरे केल्यावर तसलं काही मी बोलणार नव्हते.